शेवटचा परिच्छेद आधी

मी आयुष्यभर कागद शेवटून वाचत आलो. फोर्टमधल्या एका सॉलिसिटरांच्या कार्यालयातून मी मॅनेजिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालो, आणि त्या कामात निकालपत्र हाती पडले की प्रथम उलटायचे ते शेवटचे पान. न्यायमूर्तींनी आधीच्या चाळीस पानांत काय विवेचन केले आहे, हे अशील विचारत नाही. तो जिन्यात उभा असतो आणि त्याला एवढेच कळायला हवे असते की अर्ज मंजूर झाला की फेटाळला. ते शेवटी असते. त्याच्याही खाली, पुष्कळदा एकाच ओळीत, परंतुक असते: ‘मात्र असे की’. आमच्या साहेबांची निम्मी वकिली त्या ‘मात्र’वर चालत असे, आणि ते शोधून त्याखाली तांबडी रेघ ओढून ठेवणे हे माझे काम होते. या सवयीचा मला अभिमान होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर याच सवयीपायी मी माझ्या पत्नीचा जीव धोक्यात घातला. त्याची नोंद मीच केली पाहिजे, कारण दुसरे कोणी करणार नाही. तिने तर ती गोष्ट केव्हाच सोडून दिली आहे.

तिच्या पोटात दुखत असे म्हणून पित्ताशयाच्या खड्यांसाठी सोनोग्राफी करवली. खडे निघाले नाहीत. तपासणारी मुलगी आधी आमच्याशी बोलत होती, ती एकाएकी गप्प झाली आणि पडद्यावरच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा मापे घेऊ लागली. हृदयाकडून पोटात उतरणारी जी मुख्य रक्तवाहिनी, तिला एका ठिकाणी फुगवटा आला होता. त्यानंतर सी.टी. स्कॅन झाला आणि परळच्या एका रुग्णालयातल्या शल्यविशारद बाईंसमोर आम्ही दोघे जाऊन बसलो. बाई तरुण होत्या. त्यांनी केसपेपरच्या मागे एक नळी काढली आणि नळीच्या मध्यभागी गोळा काढला. ऑपरेशन करून ती जागा आतून बंदिस्त करावी लागेल, आणि फार थांबून चालणार नाही, असे त्या म्हणाल्या. फुटला तर काय, असे मी विचारले. त्यांनी पेनाचे टोपण लावले. फुटला तर इथपर्यंत पोहोचायला बहुधा वेळ मिळत नाही, असे त्यांनी आवाज न बदलता सांगितले. आणि कंबरेत किंवा पाठीत एकदम कळ आली तर घरी विचार करत न बसता थेट यायचे, असे बजावले.

“दिवाळीच्या आधी की नंतर?” पत्नीने विचारले.

“आधीच, बाई.”

“मग यंदा फराळ विकतचा,” ती म्हणाली. या सबंध प्रकरणात तिला तेवढीच गोष्ट खटकली असावी.

आम्ही डिलाईल रोडवर एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मूलबाळ नाही, दोन खोल्यांत आम्ही दोघेच. पत्नी मूळची मालवणकडची. लालबागच्या एका शाळेत तिने सातवीच्या वर्गाला बरीच वर्षे मराठी शिकवले. त्या दिवसानंतर आमच्या दोन खोल्यांतला प्रत्येक आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला. ती खोकली की मी वर्तमानपत्र खाली ठेवत असे. मोरीत बादली सरकल्याचा आवाज आला की मी धावत जाऊन तिच्या हातातून बादली काढून घेत असे, आणि ती माझ्याकडे खुळ्याकडे पाहावे तसे पाहत असे. तिच्या पातळाच्या पदराआड, नाभीच्या थोडे वर, काहीतरी तिच्या नाडीबरोबर उसळते आहे, हे एकदा समजल्यावर मला ते विसरता येईना. ती भाजी निवडत बसलेली असली तरी माझी नजर तिच्या पोटाकडे जाई. ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत पडून राही.

आणि मला राग येई. माझी ओळख चाळीत रागीट म्हणूनच आहे. फुटपाथवरच्या लाद्या, वीजबिलातली चूक, गणपतीतले ध्वनिक्षेपक यांवर मी लिहिलेल्या पत्रांच्या शिक्का मारलेल्या पोचा माझ्याकडे फायलींत लावलेल्या आहेत. रुग्णालयाने ऑपरेशनची तारीख दिली आणि सोबत संमतिपत्र दिले. त्यात पाच कलमे होती. पाचवे असे, की कोणत्याही परिणामास रुग्णालय जबाबदार राहणार नाही. खाली दोन रिकाम्या ओळी होत्या. त्यांत पुढे काय भरले जाणार, हे कुठेच लिहिलेले नव्हते. कोऱ्या जागेवर सही करू नये, हे मी शेकडो अशिलांना सांगितलेले आहे. मी अधीक्षकांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग मी दुसरे, अधिक भक्कम पत्र लिहायचे ठरवले, आणि भक्कम पत्राला आधार लागतो.

आधार शोधायला मी रुग्णालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे रुग्णांचे नातेवाईक रेशनकार्डाच्या आणि रिपोर्टांच्या प्रती काढायला रांगेत उभे असतात. दुकानदार माझ्या पत्रांचे टंकलेखन करून देतो.

“आज कोणाच्या अंगावर, काका?” त्याने विचारले.

मी त्याला फुगवट्याचे इंग्रजी नाव लिहून दिले आणि या विषयावर डॉक्टरांसाठी लिहिलेला एखादा लेख संगणकावर शोधायला सांगितले. त्याने एका वैद्यकीय नियतकालिकातला बारा पानांचा लेख काढून दिला. मी बाकावर बसलो आणि सवयीप्रमाणे आधी शेवटचे पान उलटले. पानाच्या अगदी वरच्या बाजूला लिहिले होते: म्हणून हे निष्कर्ष वृद्ध स्त्रियांना लागू करताना सावधगिरी बाळगावी, याबाबत अधिक अभ्यासाची गरज आहे.

यालाच परंतुक म्हणतात. माझी पत्नी स्त्री आहे आणि वृद्ध आहे. अकरा पाने शस्त्रक्रियेबद्दल काहीही म्हणोत, बाराव्या पानाने तिला वगळले होते. मी खिशातले तांबडे पेन काढले आणि त्या ओळीखाली पट्टी न धरता रेघ ओढली. रेघ वाकडी आली. त्या दुपारी, कित्येक दिवसांत प्रथमच, मला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी अकरा पानी पत्र तयार केले. लेख ‘परिशिष्ट अ’ म्हणून जोडला. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत प्रस्तुत शस्त्रक्रियेस शास्त्राचा निर्विवाद पाठिंबा नाही, सबब सदर तारीख लेखी खुलासा मिळेपर्यंत तहकूब करावी, अशी मागणी केली. आवक खिडकीवर पत्र दिले, पोच घेतली. घरी येऊन पत्नीला सांगितले की रुग्णालयानेच तारीख पुढे ढकलली आहे. ती म्हणाली, बरे झाले, मग चकल्या तरी होतील.

लग्न झाल्यापासून मी तिच्याशी खोटे बोललो नव्हतो असे म्हणणार नाही, पण जे बोललो होतो ते क्षुल्लक होते. ही पोच मी टेबलाच्या खणात पोस्टाच्या पुस्तकाखाली ठेवली. आधार मिळाल्यावर भीती जायला हवी होती. पण दुपारची ती झोप सोडली तर भीती वाढतच गेली. मी लेख पुन्हा काढून फक्त तेवढीच ओळ वाचत असे. आधीची पाने मी उघडत नव्हतो. का उघडत नव्हतो, हे तेव्हा मी स्वतःला विचारले नाही. कार्यालयातल्या एखाद्या शिकाऊ उमेदवाराने असे केले असते तर मी त्याला साहेबांसमोर उभे केले असते.

सहाव्या दिवशी सकाळी ती माळ्यावरचा भाजणीचा डबा काढायला स्टुलावर चढली. मी गॅलरीत होतो. डबा पडल्याचा आवाज आला. आत आलो तेव्हा ती एका हाताने कपाट धरून उभी होती. दुसरा हात कंबरेवर होता. सगळीकडे भाजणी सांडली होती.

“उसण भरली,” ती म्हणाली. “केरसुणी द्या.”

मी तिला केरसुणी दिली नाही. तीन मजले उतरताना मी तिच्या पुढे उलटा चालत होतो, ती पडली तर माझ्यावर पडावी म्हणून. टॅक्सीत तिने डोळे मिटून घेतले. रस्त्यात कुठेतरी खोदकाम होते आणि गाडी जागची हलत नव्हती. मी चालकाला काहीही बोललो नाही. आयुष्यात प्रथमच मी रस्त्याच्या खोदकामावरून कोणालाही काही बोललो नाही. मी तिचे मनगट धरून नाडी मोजत होतो आणि वीसच्या पुढचे आकडे मला आठवत नव्हते. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता: मूळची तारीख काल होती. काल ऑपरेशन झाले असते.

पुन्हा स्कॅन झाला. तासाभराने शल्यविशारद बाई आल्या. फुगवटा फुटलेला नव्हता. ती खरोखरच उसण होती. पण मागच्या मापापेक्षा फुगवटा किंचित वाढला होता. त्या पत्नीच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“काका, तारीख रद्द करण्याचं पत्र तुमचंच ना? मी वाचलं. उत्तर लिहायला घेतलं होतं.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या की आज निरीक्षणाखाली ठेवू. शुक्रवारची एक वेळ रिकामी झाली आहे, ती हवी असेल तर चार वाजेपर्यंत कळवा. त्यानंतर ती दुसऱ्याला द्यावी लागेल. मग त्या गेल्या.

मी खुर्चीत बसलो होतो. त्या खुर्चीतून उठून निघून जावे असे मला वाटत होते.

“कागद पिशवीत असतील,” पत्नी म्हणाली. “द्या.”

कागद पिशवीत होते. माझ्या पिशवीत कागद नेहमी असतात. तिने चष्मा लावला आणि लेख पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मी तांबडे पेन पुढे केले. पहिल्या वाचनाला हातात पेन घ्यायचे नसते, असे ती न पाहता म्हणाली. वर्गातही ती हेच सांगत असे. सारांशलेखनाचा तास असला की पोरांच्या पेन्सिली आधी बाकाच्या एका कडेला ठेवायला लावी. अडलेले शब्द तिने मोबाइलवर शोधले. तिचे दोनदा वाचून होईपर्यंत पावणेतीन वाजले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी किती वेळा पाहिले ते सांगता येणार नाही.

“शीर्षक काय आहे?” तिने विचारले.

मला ते ठाऊक नव्हते. मी पाहिले. शस्त्रक्रिया केव्हा करावी, असा त्याचा अर्थ होता.

“केव्हा. करावी की नाही, असं नाही. आता प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य मराठीत सांगा. मोठ्यानं.”

शेजारच्या खाटेवरच्या बाई आणि त्यांची सून ऐकत होत्या. मी वाचू लागलो. फुगवटा एका मर्यादेपलीकडे गेला की वाट पाहण्यात लाभ नाही. वाढीचा वेग जास्त असेल तर मर्यादेपर्यंतही थांबू नये. दुखू लागले तर मुळीच थांबू नये. एकेक वाक्य त्याच एका बाजूला झुकत होते, आणि मी वाचत होतो. बाराव्या पानापाशी आल्यावर मी माझ्या तांबड्या रेघेकडे बोट केले. ते माझे शेवटचे साधन होते.

“हे वाक्य ‘म्हणून’ने सुरू होतंय,” ती म्हणाली. “म्हणजे कशामुळे, ते मागच्या पानावर असणार ना? तळाशी बघा.”

मी पान मागे उलटले. अकराव्या पानाच्या अगदी तळाशी लिहिले होते की स्त्रियांची रक्तवाहिनी मुळातच बारीक असते. त्यामुळे पुरुषांसाठी ठरवलेल्या मापापर्यंत वाट पाहिली, तर स्त्रियांच्या बाबतीत फार उशीर होऊ शकतो. म्हणून सावधगिरी. ती थांबण्यासाठी नव्हती. ती घाई करण्यासाठी होती. ज्या ओळीच्या आधारावर मी तिला वाचवायला निघालो होतो, ती ओळ तिच्याच बाजूने ओरडत होती, आणि मी पान उलटले नव्हते.

“सातवीतली पोरं ही चूक करायची,” ती म्हणाली. “शेवटची ओळ उचलायची आणि सारांश म्हणून द्यायची. मी अर्धा गुण द्यायचे, पुस्तक उघडल्याबद्दल.”

“लेख लिहिणाऱ्यानं मुख्य गोष्ट शेवटी लिहायला नको का?”

“त्यानं पहिल्याच परिच्छेदात लिहिलीय. शेवटी तो आपल्याला काय नक्की ठाऊक नाही ते सांगतोय. प्रामाणिक माणूस आहे. त्याला एकच वाक्य बोलू दिलं असतं तर तो कोणतं बोलला असता, एवढंच विचारायचं असतं.”

मग तिने माझे अकरा पानी पत्र घेतले. तेही पहिल्यापासून वाचले. मी खिडकीकडे पाहत राहिलो.

“या संमतिपत्रावर सही कोणाची लागते?”

“तुझी.”

“आणि तारीख तहकूब करा, या पत्रावर सही कोणाची?”

ज्याला अधिकार नाही त्याने केलेला अर्ज पहिल्या पानावरच फेटाळला जातो. असे अर्ज दुरुस्तीसाठी परत करताना मी तिरकस शेरे लिहीत असे. या अर्जावर तिरकस शेराही सुचत नव्हता.

“या अकरा पानांचा सारांश सांगा,” ती म्हणाली.

मी पाचव्या कलमापासून सुरुवात केली. तिने हात वर केला. माहेरची बोली ती माझ्याशी फार क्वचित बोलते. आईशी फोनवर बोलायची तेवढीच. ती म्हणाली, “मी घाबरूक नाय. तुमी घाबरलास.”

शेजारच्या सुनेने तोंड फिरवले. मी पत्नीचा हात धरला; सलाइनची सुई होती म्हणून फक्त दोन बोटेच धरता आली. मी घाबरलो आहे असे मी म्हणालो. हे वाक्य मी कधी उच्चारलेले नव्हते आणि ते फार मोठ्याने आले. तिने बोटे सोडवून घेतली नाहीत. थोड्या वेळाने तिने पेन मागितले, तर माझ्याजवळ तांबडेच. परिचारिकेने निळे आणून दिले. पत्नीने पाचही कलमे वाचली, दोन रिकाम्या ओळींवर स्वतः आडवी रेघ मारली आणि सही केली. चाराला दहा मिनिटे कमी असताना मी तो कागद नेऊन दिला.

शुक्रवारी तिला आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसलो. वेळ जावा म्हणून लेटरपॅड काढले. ‘प्रति’ लिहिले, ‘महोदय’ लिहिले, ‘विषय’ लिहून पुढे दोन टिंबे दिली आणि तिथेच थांबलो. मला एकही विषय सुचला नाही. लेख पिशवीत होता. तो उघडायचे धाडस झाले नाही. दार उघडले की मी उभा राहत असे. आतून दुसऱ्याच कोणाचे तरी नातेवाईक बोलावले जात, आणि मी पुन्हा बसत असे. शेजारच्या एका गृहस्थाने मला चहा विचारला. मी हो म्हणालो, आणि तो हातात धरून थंड होऊ दिला.

शल्यविशारद बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीच्या कडेचा वळ होता. “काका, बाई चांगल्या आहेत, ऑपरेशन नीट झालं,” त्या म्हणाल्या, आणि मग पुष्कळ बोलल्या. मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागेल, पायांतली नाडी तासातासाला तपासतील, दोन दिवस अतिदक्षता विभागात राहावे लागेल. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो आणि ‘मात्र’ची वाट पाहत होतो. त्या थांबल्या. काही विचारायचे आहे का, असे त्यांनी विचारले.

मी त्यांना पहिले वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. त्यांनी तेच वाक्य तसेच्या तसे म्हटले.

आता ती घरी आहे. बादली मीच उचलतो, आणि ती खोकली की अजूनही वर्तमानपत्र खाली ठेवतो. ते जाईल असे वाटत नाही. पाचव्या कलमाबाबतचे आणि त्या कोऱ्या ओळींबाबतचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. दिवाळीनंतर मी अधीक्षकांना पुन्हा पत्र लिहिले. मसुदा सात पानांचा होता. तिने खाटेवर पडल्या पडल्या तो एक तृतीयांशावर आणला, आणि मूळ मसुद्यातले माझे चौथ्या पानावरचे वाक्य उचलून पहिल्या ओळीत ठेवले. उत्तर अद्याप आलेले नाही. पोच घेतली आहे, आणि या वेळी ती तिला दाखवून फायलीत लावली आहे.